घरच्यांची कडी

दोन्ही काखांत साखरेचे सुळके धरून फेझ शहर बघायला निघालेला माणूस मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा पाहिला. निळ्या कागदात गुंडाळलेले हे भलेमोठे सुळके घेऊन लोक मुलीला मागणी घालायला जातात, ते मुलीच्या घरी ठेवतात आणि मोकळ्या हातांनी मिशांवरून बोटं फिरवत परत येतात. हाज्ज ब्राहिमना ते ठेवायलाच मिळाले नाहीत. त्याला कारण आमचे दाजी.

दाजी म्हणजे सी लारबी; सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. माझ्या बहिणीचे यजमान, रेशमी दोऱ्याचे व्यापारी आणि स्वतःच्या मते फेझ शहराचे शेवटचे जाणकार. वीसेक वर्षांपूर्वी ते जुन्या शहरातलं घर विकून नव्या शहरात, लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले. तेव्हापासून त्यांचं जुन्या शहरावरचं प्रेम अतोनात वाढलं. मी अजून जुन्या शहरातच राहतो, त्यामुळे माझं बेताचंच आहे. दाजी रोज सकाळी मोटार रसीफच्या चौकात लावतात, एका गल्लीतून दुकानात जातात आणि संध्याकाळी त्याच गल्लीतून परत येतात. बाकीच्या हजारो गल्ल्या त्यांच्या हृदयात आहेत. पायांना त्यांची ओळख राहिलेली नाही.

त्यांची मुलगी बतूल दातांची डॉक्टर आहे. शिकताना तिला अनवर नावाचा मुलगा भेटला. मुलगा हुशार, दिसायला बरा, बोलायला मऊ. दोष एकच, तो मराकेशचा.

"मराकेशची माणसं प्रत्येक गोष्टीला हसतात," दाजी म्हणायचे. "मयताला जातानासुद्धा दोन विनोद बरोबर नेतात."

"विनोद बरे असतात पण," मी एकदा म्हणालो. त्यानंतर महिनाभर मला त्यांच्याकडे चहात साखर कमी मिळाली.

तर त्या शुक्रवारी सकाळी अनवरचे आईवडील दारात उभे राहिले. हाज्ज ब्राहिम ऑलिव्हचे व्यापारी, अंगानं गोल आणि चेहऱ्यानं त्याहून गोल. लल्ला मबार्का उंच, शांत, डोळ्यांनी सगळं टिपणारी बाई. माझी बहीण जहूर सुळके घ्यायला हात पुढे करणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "राहू दे."

सुळके घेतले की होकार आणि परत दिले की नकार, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींनी तिसरीच युक्ती काढली.

"हाज्ज, असू द्या ते तुमच्याच हातात. आधी शहर बघा. कुठल्या शहरातली मुलगी मागताय ते एकदा डोळ्यांखालून घाला, मग बोलू."

"मुलगी दाखवायच्या आधी गाव दाखवायची पद्धत आहे वाटतं इकडे?" हाज्जनी विचारलं.

"मुली सगळीकडे असतात. फेझ एकच आहे."

स्वयंपाकघरात पातेलं आपटल्याचा आवाज झाला. बतूल ऐकत होती.

"मग हे सुळके निदान टेबलावर तरी..." लल्ला मबार्का म्हणाल्या.

"टेबल घरातच आहे," दाजी म्हणाले.

सगळे जिना उतरायला लागले तशी बतूलनं माझी बाही धरून मला आत ओढलं.

"मामा, बाबा रस्ता चुकणार."

"हो."

"आणि विचारणार नाहीत."

"मुलीसमोर बापाची फार स्तुती करू नये. पण नाही विचारणार."

अस्सल फेझचा माणूस फेझमध्ये रस्ता विचारत नाही. विचारला की त्याच क्षणी तो परगावचा ठरतो. त्यापेक्षा तो संध्याकाळपर्यंत एकाच गल्लीत येरझाऱ्या घालील आणि घरी येऊन सांगेल की आज हवा छान होती.

"समजा मराकेशवाल्यांसमोर विचारायची वेळ आलीच," बतूल म्हणाली, "तर ज्यांनी ते पाहिलं त्यांना बाबा मुलगी देतील?"

"नमस्कारसुद्धा देणार नाहीत."

"आणि अनवरचे बाबा हसले तर?"

"मराकेशला जाणारी आगगाडी बंद करायला लावतील."

"मग मामा, तुम्हाला दोनच कामं. बाबांवर रस्ता विचारायची वेळ येऊ द्यायची नाही आणि हाज्जना हसू द्यायचं नाही."

"येताना चंद्र आणू का खाली उतरवून?"

"आणा. पण जेवायच्या आधी. कुसकुस गार होतो." आणि मग तिचे डोळे भरून आले. दुसऱ्यांच्या दाढा उपटणारी पोर ओठ दाबून उभी राहिली. मी "बरं" म्हणालो. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरलो.

खाली मोटारीपाशी दाजी माझीच वाट बघत होते.

"द्रीस, गल्लीत राहणाऱ्यांची खोड मला ठाऊक आहे. इकडून जवळ पडतं, तिकडून जवळ पडतं. आज तू फक्त चालायचं. रस्त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाहीस. घे मुलाय इद्रीसची शपथ."

मुलाय इद्रीस म्हणजे आमच्या शहराचे पीर. त्यांच्या नावानं घेतलेली शपथ मोडायची माझी हिंमत नाही. मी ती घेतली. बतूलला दिलेला शब्द आणि ही शपथ माझ्या खिशात एकमेकांकडे डोळे वटारून बसले.

सुरुवात झोकात झाली. मोटार बाहेर लावून बूजलूदच्या वेशीतून जुन्या शहरात शिरलो, मोठ्या उतारानं खाली आलो. दुकानं उघडी होती, गर्दी होती, दाजींचा आवाज चढला होता. एका जुन्या दारासमोर ते थांबले.

"हे बघा हाज्ज. एकाच दाराला दोन कड्या. वरची मोठी, ती परक्यांसाठी. खालची लहान, ती घरच्यांसाठी. नुसत्या आवाजावरून आतल्यांना कळतं, कोण आलंय. परका माणूस लहान कडीला हात लावणार नाही, मेला तरी."

"आणि चोर?"

"चोर कडी वाजवत नाही."

"आमच्याकडचा वाजवतो," हाज्ज गंभीरपणे म्हणाले. "शिकलेला असला तर."

दाजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हाज्जनी चटकन डाव्या काखेतला सुळका तोंडासमोर धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो सुळका त्यांच्या फार उपयोगी पडणार आहे.

थोडं पुढे गेल्यावर ते मागे रेंगाळत माझ्या कानाशी आले. "सी द्रीस, मुलानं मला शपथ घातलीय. काही झालं तरी हसायचं नाही. तुम्हाला कल्पना नाही हो, हे म्हणजे माशाला सांगायचं की आज पोहू नकोस."

"मलाही एक घातलीय," मी म्हणालो.

"कसली?"

"ती सांगायची नाही अशीच."

दुपारची नमाज करावियीनच्या मशिदीत झाली. हाज्जनी सपाता आणि सुळके समोर खांबापाशी ओळीनं मांडून ठेवले. शेजारचा एक म्हातारा सबंध प्रवचनभर मौलवींऐवजी त्या सुळक्यांकडे बघत होता. घोटाळा झाला तो बाहेर पडताना. या मशिदीला दारं पुष्कळ. माणूस आपल्या दारानं आत जातो, आपल्याच दारानं बाहेर येतो आणि जन्मभर सुखी असतो. त्या दिवशी गर्दीच्या रेट्यानं आम्हाला दुसऱ्याच दारातून बाहेर काढलं. लल्ला मबार्का नेमक्या तिथेच उभ्या होत्या, म्हणून दाजींना वाटलं की दार बरोबर आहे.

त्यात शुक्रवार. नमाज झाली की आमच्याकडे दुकानदार फळ्या लावून घरी कुसकुस खायला पळतात. दाजींच्या सगळ्या खुणा म्हणजे दुकानं. इथं पिवळ्या सपातांवाला, तिथं खजूरवाला, मग तो तोतरा शिंपी, की वळायचं डावीकडे. आता सपातांवाल्याची फळी, खजूरवाल्याची फळी आणि शिंप्याची फळी यांत फरक करणारा माणूस अल्लानं अजून जन्माला घातलेला नाही. बघता बघता गल्ल्या रिकाम्या झाल्या. विचारायचं म्हटलं असतं तरी विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दाजी क्षणभर थांबले, मग मान ताठ करून उजवीकडे वळले. मला माहीत होतं की डावीकडे वळायला हवं. शपथेनं माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

थोड्या वेळानं एक पाण्याचा नळ आला. भिंतीत बसवलेला, निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेला, खाली दगडी कुंड. तोटीला लाल सुतळी बांधलेली. कठड्यावर एक करडं मांजर बसलं होतं, त्याचा एक कान फाटका.

"हा नळ," दाजी म्हणाले, "एका सुलतानानं आपल्या आईसाठी बांधला."

"माशाल्ला," लल्ला मबार्का म्हणाल्या.

आम्ही डावीकडे वळलो, मग उजवीकडे, एका छपराखालच्या बोगद्यातून वाकून गेलो, पुन्हा डावीकडे वळलो, आणि समोर निळ्या-हिरव्या फरशांचा एक नळ आला. तोटीला लाल सुतळी होती. मांजरानं आमच्याकडे ओळखीनं पाहिलं.

दाजींचा पाय अडखळला, आवाज नाही. "आणि हा, एका वजिराचा. खेचरांना पाणी मिळावं म्हणून. म्हणून बघा कुंड खाली आहे."

"आधीच्यापेक्षा साधा आहे," लल्ला मबार्का म्हणाल्या.

"वजीर होता. सुलतानापेक्षा भारी बांधून चालत नाही."

हाज्जांचा उजवा सुळका वर गेला. त्यामागून खोकल्याचा आवाज आला.

"धूळ आहे फार," मी म्हणालो.

"फार," सुळका म्हणाला.

मग "बालाक! बालाक!", म्हणजे बाजूला व्हा, असा ओरडा झाला आणि एक खेचरवाला आमच्या अंगावरून गेला. आम्ही चौघं भिंतीला पालीसारखे चिकटलो. दाजींच्या डोळ्यांत आशा चमकली. खेचर नेहमी मोठ्या रस्त्याला जातं असं त्यांना वाटलं असावं. "या, याच्या मागून, हा जुना राजमार्ग आहे," म्हणत ते निघाले. खेचर शुक्रवारचं काम संपवून घरी चाललं होतं. ते एका कमानीतून आत शिरलं, आम्हीही शिरलो. आत आणखी तेरा-चौदा खेचरं उभी होती. सगळ्यांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं.

"ही जुनी सराई," दाजी म्हणाले. "मुद्दाम आणलं तुम्हाला."

"कोण उतरायचं हो इथं पूर्वी?" हाज्जनी विचारलं.

"व्यापारी. आणि त्यांची खेचरं."

"आणि आता?"

"परंपरा निम्मी जपली आहे."

मी मनातून दाजींना मानलं. माणूस बुडत होता, पण पोहण्याची ऐट सोडत नव्हता. हाज्ज मात्र दोन्ही सुळके तोंडावर धरून भिंतीकडे वळले होते आणि त्यांची पाठ हलत होती. लल्ला मबार्कांनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की शेजारचं खेचर दचकलं.

मग तिसऱ्यांदा तोच नळ आला. मांजर उठलं, आळस दिला आणि पुन्हा बसलं. दाजींच्या कपाळावर घाम होता.

"हा..." ते म्हणाले.

"हा कुणी बांधला?" लल्ला मबार्कांनी अगदी मायेनं विचारलं.

"एका व्यापाऱ्यानं. मुलीचं लग्न ठरत नव्हतं म्हणून नवस केला होता."

"मग ठरलं का?"

दाजींना एकदम पुढे जायची घाई झाली. समोर एक गल्ली होती, तीत ते शिरले. ती पुढे बंद आहे हे मला माहीत होतं. मी मुलाय इद्रीसांना मनातल्या मनात म्हणालो, साहेब, शपथ तुमची आहे, आता बघाही तुम्हीच.

गल्ली वळली, अरुंद झाली आणि एका दारापाशी संपली. तिन्ही बाजूंना भिंती. समोर खिळ्यांचं जुनं दार, त्याला दोन कड्या. आता मागे फिरायचं म्हणजे चुकलो असं कबूल करायचं. आणि दार वाजवायचं म्हणजे रस्ता विचारायचा. मला बतूलचे डोळे आठवले. संपलं, असं मी मनाशी म्हणालो.

दाजी दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी खांदे सरळ केले. "आलो एकदाचे," ते म्हणाले. "हे माझ्या भावाचं घर. म्हटलं, फेझ दाखवायचं तर आपला माणूस दाखवल्याशिवाय कसं!"

"भाऊ?" हाज्ज म्हणाले. "सख्खे?"

"सख्ख्याहून जवळचे."

"नाव काय त्यांचं?"

"आम्ही भाऊच म्हणतो."

आणि हाज्जांच्या देखत, स्वतःच सांगितलेला नियम धाब्यावर बसवून, दाजींनी लहान कडी वाजवली. घरच्यांची.

आत सपातांचा फटफट आवाज झाला. पांढऱ्या झग्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी दार उघडलं. चेहऱ्यावर हसू आधीच तयार होतं, कारण कडी लहान वाजली होती. दाजींनी त्यांना बोलायला वेळच दिला नाही. पुढे होऊन मिठी मारली, दोन्ही खांद्यांवर चुंबनं घेतली.

"किती दिवसांनी!" दाजी म्हणाले.

"किती दिवसांनी!" ते गृहस्थ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मात्र मला भीती दिसली. आपण याला कुठे पाहिलंय हे आठवायचा प्रयत्न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ती भीती असते. मी स्वतः त्या वयाला आलो आहे, मला ती लगेच कळते.

"मराकेशहून पाहुणे आलेत. म्हटलं भाऊकडे नेल्याशिवाय राहणार नाही."

"नाहीतर मी रागावलो असतो!" भाऊ म्हणाले. "या, या. रकिया! ए रकिया! आपली माणसं आलीत!"

लल्ला रकिया हात पुसत आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, लगबगीच्या. त्यांनी लल्ला मबार्कांना मिठी मारली, माझी विचारपूस केली, माझ्या गुडघ्यांची विचारपूस केली, आणि मग हाज्जांकडे वळून, "अगं बाई, एवढं कशाला आणलंत! हात भरून आले असतील," असं म्हणत दोन्ही सुळके त्यांच्या काखेतून काढून घेतले आणि आत नेऊन ठेवले.

दाजींचा हात हवेत वर गेला आणि तिथेच राहिला.

हाज्जनी आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. मग सुळके गेले त्या दाराकडे. मग दाजींकडे. त्यांना आता हसू लपवायला जागा नव्हती, पण ते हसले नाहीत. त्यांच्या गोल चेहऱ्यावर, व्यापारी माणसाला एखादा सौदा अचानक दिसतो तेव्हा येते तशी शांतता आली.

मी हात धुवायला चौकातल्या कोपऱ्यात गेलो, तिथून स्वयंपाकघर जवळ होतं. आत कुजबुज चालली होती.

"तुमच्याकडचे ना हे?"

"माझ्याकडचे? मला वाटलं तुझ्या माहेरचे, तेतुआनचे."

"माझ्याकडचे एवढे गप्प नसतात."

"मग मी विसरलो असेन."

"असेन काय! गेल्या ईदला स्वतःच्या मेहुण्याला विचारलंत, आपण कोण म्हणून. तो अजून येत नाही. आज कोण-कुठले असा एक शब्द तोंडातून काढलात तर बघा."

"घरची कडी वाजवली त्यांनी, रकिया."

"म्हणूनच म्हणते. गप्प बसा आणि वाढा."

कुसकुस आला. मोठी परात, खाली वाफवलेला रवा, वर भोपळा, गाजर, कोबी, हरभरे आणि मधोमध मांस. शुक्रवारी आमच्याकडे कुसकुस नेहमीच येणाऱ्याच्या अंदाजानं करतात, कोण येणार हे माहीत नसलं तरी. सगळे परातीभोवती बसलो. यजमानांचं नाव सी मफद्दल आहे हे लल्ला रकियांनी त्यांना हाक मारली तेव्हा कळलं. दाजींनी ते लगेच उचललं आणि पुढच्या पाच वाक्यांत सात वेळा वापरलं.

"तुमच्या पुतणीला शेवटचं कधी पाहिलंत?" लल्ला मबार्कांनी लल्ला रकियांना सहज विचारलं.

लल्ला रकियांचा घास थांबला, पण क्षणभरच. "अहो, एवढीशी होती." त्यांनी जमिनीपासून वीतभर हात धरला. "दात काय सुंदर होते तिचे!"

"आता दुसऱ्यांचे काढते," हाज्ज म्हणाले.

"डॉक्टर झाली," मी घाईघाईनं म्हणालो.

"होणारच," सी मफद्दल म्हणाले. "आमच्या घराण्यात हुशारी आहेच."

चहा आला. हाज्जनी पेला खाली ठेवला.

"सी लारबी, एक बोलू? साखर तुमच्या भावाच्या घरात गेली."

"ती... ती तशी नव्हे..."

"सख्ख्याहून जवळच्या भावाच्या. आमच्याकडे मराकेशात भावाचं घर तेच आपलं घर. तुमच्याकडे वेगळं असेल तर सांगा, मी जातो आत आणि उचलून आणतो. तुम्ही फक्त म्हणा, हे माझे भाऊ नव्हेत. लगेच आणतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, छान कोरीव छत होतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात चौकाच्या दारातून करड्या रंगाचं, फाटक्या कानाचं एक मांजर संथपणे आत आलं आणि सी मफद्दलांच्या मांडीवर चढून बसलं.

"हे आमचं लाडकं," सी मफद्दल म्हणाले. "सकाळपासून बाहेर त्या नळावर जाऊन बसतं. पंचक्रोशीत नळ एकच, नि मांजरही एकच."

दाजींचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या लाल रेशमासारखा झाला. हाज्ज ब्राहिमांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, त्यांनी गुडघ्यावरचं फडकं मुठीत घट्ट धरलं. माशाला आता खरोखरच पोहायची उबळ आली होती. एक फुसका आवाज निसटला असता तरी बतूलचं लग्न त्या परातीत बुडालं असतं.

तेव्हा लल्ला मबार्का बोलल्या. पेला फिरवत, अगदी सहज.

"फेझची मांजरं सगळी सारखीच दिसतात, नाही का हो? आम्ही आजच तीन पाहिली. तीन वेगळ्या नळांवर. सी लारबींनी प्रत्येकाचा इतिहास सांगितला. मी तर मराकेशात सगळ्यांना सांगणार आहे, तीन नळ पाहिले म्हणून. तीन म्हणजे तीन."

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे सकाळपासून पहिल्यांदाच खाली आले.

"भाऊ," ते सी मफद्दलांकडे वळून म्हणाले, "मुलीची फातिहा तुम्हीच म्हणा."

आमच्याकडे सगळ्यांनी हात पसरून फातिहा म्हटली की बोलणं पक्कं. सी मफद्दल सावरून बसले. कोण कुठले हे कळत नसलं तरी दुवा कशी मागायची हे त्यांना चांगलं माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी ओंजळी उघडल्या. मांजर मांडीवरून उतरलं. फातिहा झाली, मग त्यांनी खणखणीत आवाजात वधूवरांसाठी दुवा मागायला सुरुवात केली. "हे परवरदिगारा, आमचा मुलगा..."

"अनवर," मी कुजबुजलो.

"...अनवर, आणि आमची लाडकी पुतणी..." ते थांबले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर घाम.

"विसरलात की काय?" हाज्जनी गोड आवाजात विचारलं.

"छे! लहानपणी खेळवलीय मी तिला!"

"बतूल," मी कुजबुजलो.

"...बतूल! यांचा संसार साखरेसारखा गोड कर!"

"आमीन!" सगळ्यात मोठा आवाज लल्ला रकियांचा होता. त्यांनी तोंडावर बोटं आडवी नाचवून आनंदाची आरोळी ठोकली, लल्ला मबार्कांनी तिला साथ दिली, आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीनं, काय झालं हे माहीत नसतानाही, आणखी एक ठोकली.

हाज्जनी दाजींचा हात हातात घेतला. "व्याही, आता हसू का?"

दाजींनी विचार केला. "हसा," ते म्हणाले.

मग हाज्ज ब्राहिम हसले. सकाळपासून साठवलेलं, सराई, वजीर, खेचरं, सुतळी, सगळं एकदम बाहेर आलं. चौकातल्या लिंबाच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या. सी मफद्दलही हसले, कशाला ते न कळता. दाजी फेझच्या रिवाजाप्रमाणे फक्त खांद्यांनी हसले.

निघताना मला शेवटची धास्ती होती. बाहेर पडून पुन्हा तोच नळ. पण आमच्याकडे घरच्या पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. सी मफद्दलांनी काठी घेतली, सपाता घातल्या आणि "चला, रसीफच्या चौकापर्यंत येतो," म्हणून पुढे निघाले. नळ आला तसे ते थांबले.

"पाहुण्यांना हा दाखवलात का? जुना आहे."

"दाखवला," दाजी, हाज्ज आणि लल्ला मबार्का एका सुरात म्हणाले.

रस्ता कुणी विचारला नाही. रस्ता आमच्या पुढे काठी टेकत चालला होता. मोटार बूजलूदच्या वेशीपाशी होती, पण चौकातून दाजींना सगळं जग माहीत होतं. ते व्याह्यांना घेऊन टॅक्सीकडे ऐटीत निघाले. तेवढ्यात सी मफद्दलांनी माझी बाही धरली, बतूलनं सकाळी धरली होती तशीच.

"अल्लाची शपथ आहे तुम्हाला," ते कुजबुजले. "रकियाला सांगू नका. कोण हो ही माणसं?"

"आजपासून तुमचीच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना पुरलेलं दिसलं.

घरी जहूरचा कुसकुस गार झाला होता आणि आम्ही कुणीच जेवलो नाही, यावरून जे व्हायचं ते झालं. दाजींनी एवढंच सांगितलं, "साखर भाऊकडे ठेवली." जहूर म्हणाली, "कुठल्या भाऊकडे? तुम्हाला भाऊ कुठाय?" बतूलनं मात्र एक प्रश्न विचारला नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "चंद्र राहिला आणायचा."

लग्नात सी मफद्दल आणि लल्ला रकिया वधूपक्षाच्या पहिल्या रांगेत बसले होते. मराकेशच्या कुणीतरी त्यांना विचारलं, नातं काय तुमचं? सी मफद्दलांनी छाती पुढे काढली.

"घरचेच," ते म्हणाले. "लहान कडीवाले."

शेजारी दाजी बसले होते. त्यांनी ऐटीत मान डोलावली आणि व्याह्यांच्या मित्रमंडळींना म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी तयार राहा. फेझ दाखवतो."

हाज्ज ब्राहिमांनी आजूबाजूला पाहिलं आणि टेबलावरचा सगळ्यात मोठा साखरेचा सुळका हळूच काखेत घेतला.